शेवटच्या वळणापर्यंत

ताई, मंगेशने मला "मॅडम, जेवल्या का?" असं विचारलं आणि तुम्ही गेलात हे मला कळलं.

दुपारची वेळ होती. कारखान्याच्या लाइनसाठी नव्या मुलींच्या मुलाखती चालल्या होत्या, म्हणून फोन टेबलावर पालथा घातला होता. मंगेश दार न वाजवता आत आला. माझ्यासमोर बसलेल्या पोरीकडे बघून उगाचच हसला. मग मला म्हणाला, "जेवल्या का?" इतकी वर्षं आम्ही एका खोलीत बसतो, पण या माणसाने मला कधी चहाला विचारलेलं नाही. माझा डबा मात्र न विचारता उघडतो. मी म्हटलं, "का रे?" तर म्हणे, "नाही, सहज. तुमचा फोन द्या ना, चार्जिंगला लावतो." फोन सकाळीच पूर्ण चार्ज केलेला होता.

त्याला हे सगळं मीच शिकवलंय. मला तुम्ही शिकवलंत.

"शैलाताईंना जरा बरं नाहीये," तो भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगत होता. "म्हणजे जरा जास्तच बरं नाहीये. मी म्हणतो नामपूरला जाऊन येऊ. तुम्ही पण चला."

"दवाखान्यात आहेत का?"

"हो हो. दवाखान्यात. डॉक्टर आहेत तिथं."

दवाखान्यात डॉक्टर असतात हेसुद्धा त्याला सांगावंसं वाटलं, तेव्हा माझी उरलीसुरली शंका फिटली. समोरच्या मुलीला म्हटलं, "बेटा, उद्या ये, तुझं झालंय असंच समज." आणि उठून कँटीनमध्ये गेले. मंगेशने माझं ताट आणलं. भात, वरण, मटकीची उसळ. तो समोर बसला, स्वतः जेवला नाही. आणि ताई, मी जेवले. सगळं ताट संपवलं. का जेवले ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. हे लिहितेय ते तेवढ्यासाठीच. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. तुम्ही तर उठून गेलात. आता दोन्ही बाजू मलाच सांभाळायच्या आहेत.

* * *

कॉलेजची मुलं प्रोजेक्टसाठी येतात तेव्हा हमखास विचारतात, "मॅडम, तुम्ही एचआरमध्ये कशा आलात?" मला घाम फुटतो. त्यानंतरचा प्रश्न शिक्षणाचा असतो ना. नववीत शाळा सुटली हे सांगताना मी अजूनही पदराशी नाहीतर पेनाशी खेळते. नवीन साहेब आले की आठवडाभर मला झोप नसते. आता हे विचारणार, आता मला उठवून पुन्हा लाइनवर पाठवणार. तुम्हाला हे सांगितलं की तुम्ही म्हणायचात, "किनवट, एचआरमध्ये दारातून कोणीच येत नाही गं. कोणी खिडकीतून येतं, कोणी पत्र्यातून गळतं."

तुम्ही टेलिफोनच्या बोर्डावरून आलात. दिवाळीपर्यंत करते म्हणून धरलेली नोकरी. तेव्हा खेड्यात सगळ्यांकडे फोन कुठले? पण कारखान्याचा नंबर प्रत्येक कामगाराच्या घरी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला असायचा, असं तुम्ही सांगायचात. अडचण आली की घरचे त्या नंबरवर फोन करायचे, आणि तो फोन तुमच्या कानात यायचा. माणसांची नावं तुमच्या लक्षात राहायची नाहीत, पण कुठून फोन आला ते पक्कं राहायचं. म्हणून तुम्ही माणसांनाच गावं करून टाकलंत. "ए सायखेडा, इकडे ये." "ओझर, आज लवकर कसा?" मंगेश ओझरचा. मी किनवटच्या पलीकडची, पैनगंगेच्या काठची. रेखा हे माझं नाव तुम्ही पगाराच्या दिवशीसुद्धा घेतलं नाहीत. आम्ही मुली मागे तुम्हाला 'नामपूर' म्हणायचो. तुम्हाला ते माहीत होतं.

एकदा तुम्ही तसला एक फोन तेव्हाच्या साहेबांना जोडून दिलात. साहेबांनी शिपायाला पाठवलं. शिपायाने मशीन-शॉपच्या दारातूनच हाक मारली, "ए, तुझा बाप वारला, गेटवर चल." चालत्या प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाला. त्याचा हात वाचला, पण काचेतून तो क्षण तुम्ही पाहिला होतात. त्यानंतर तसला फोन तुम्ही कोणालाच जोडला नाहीत. कानावरचं काढून ठेवायचं आणि स्वतः शॉपमध्ये चालत जायचं. बोर्ड तसाच किणकिणत राहायचा. साहेब ओरडले. पुढे साहेब बदलले. त्या नव्यांनी तुम्हाला बोर्डावरून उठवून त्यांच्या शेजारी खुर्ची दिली. झालं, तुम्ही एचआर झालात. तेव्हा त्याला पर्सोनेल म्हणायचे.

तुमची पद्धत कुठे लिहिलेली नव्हती, पण आम्हाला सगळ्यांना पाठ होती. आधी मशीन बंद करायचं. मग जेवायला घालायचं. मेल्याचं सांगायचं नाही, आजारी आहे म्हणायचं. एकटं सोडायचं नाही, बरोबर कोणीतरी द्यायचं, घरापर्यंत. गाडीत खिडकी त्याला द्यायची. बोलत राहायचं. आणि घराच्या आधीचं शेवटचं वळण आलं की, दारातली माणसं दिसायच्या आत, बरोबर गेलेल्याने सांगायचं. तिथे चुकायचं नाही. "दारातल्या चपला बघून कोणाला कळता कामा नये," तुम्ही म्हणायचात. "माणसाला माणसाच्या तोंडून कळलं पाहिजे."

* * *

माझ्या वेळी तुम्ही स्वतः लाइनवर आलात. मी स्विचमध्ये स्प्रिंग बसवत होते. फोन आमचे लॉकरमध्ये असायचे, अजूनही असतात. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि तुमच्या नामपूरकडच्या अहिराणीत म्हणालात, "जेवनी का व माय?" तुम्ही अहिराणी काढायचात ते फक्त रागावल्यावर नाहीतर पोटातून काही आल्यावर. मला वाटलं रागावलात. मी म्हटलं, "ताई, माझी स्प्रिंग वाकडी नव्हती, ती सुनीताची होती."

सुनीता शेजारीच होती. सायखेडा. तिने मला कोपराने ढोसलं.

तुम्ही मला कँटीनमध्ये नेलंत. बाबांना बरं नाही, दवाखान्यात नेलंय, जाऊन ये. सुनीता येईल बरोबर. मी खरंच घाबरले, पण आजारपणाला घाबरावं तेवढीच. बाबांचं दम्याचं दुखणं जुनं होतं. उलट जिवाच्या एका कोपऱ्यात बरं वाटत होतं की घरी जायला मिळतंय. जाताना तुम्ही म्हणालात, "हात हलवत जाऊ नको. त्यांना आवडतं काही घे."

बाबांनी नाशिकची द्राक्षं फक्त ऐकली होती. मी इथे आले तेव्हापासून ते विचारायचे, "तिथं लय मोठे असतात म्हणे?" मी स्टँडवर काळ्या द्राक्षांची पेटी घेतली. सुनीता म्हणाली, "अगं, आमच्या मळ्यातनं आणली असती." मग किती तरी वेळ ती तिच्या मळ्याच्या गोष्टी सांगत राहिली. बागेवर धुकं पडलं की तिचे वडील कसे चिडतात, तिच्या चुलतभावाच्या लग्नात हळदीच्या दिवशी नवरदेवच कसा झोपून राहिला. ते लग्न काही केल्या संपेना. मी हसत होते. पहाटे डोळा उघडला तर काचेवर दव, बाहेर कपाशीची रिकामी रानं, आणि ही अजून त्या मांडवातच. मांडीवरच्या पेटीतून द्राक्षांचा वास येत होता. मला वाटलं, बाबा एक एक द्राक्ष उचलून उजेडात धरतील. ते प्रत्येक गोष्ट आधी उजेडात धरून बघायचे, नवी वही असो की रुपयाचं नाणं.

वळणावर सुनीताने माझा हात घट्ट धरला. पण तिच्या तोंडून काही आलं नाही. आली होती ती सांगायला, पण रात्रभर मला हसवून तिचं धाडसच संपलं होतं. मी गाडीतून उतरले, दोन्ही हातांत पेटी, तोंडावर हसू. आणि अंगणात माणसं. इतकी माणसं आमच्या अंगणात कधी आली नव्हती.

आई उठून माझ्याजवळ आली. ती पेटीकडेच बघत होती. म्हणाली, "बापासाठी आनले ना? मंग ठेव त्याच्याजवळ." आणि तिनेच एक घड काढून बाबांच्या उशाशी ठेवला. काका म्हणाले, तुझ्या कंपनीतून बाईचा फोन आला होता, पोरीला चेहरा दिसू द्या म्हणत होत्या, म्हणून थांबलो.

ते ऐकून मला तुमच्याबद्दल काय वाटलं ते मी आज पहिल्यांदा लिहितेय. एकाच वेळी तुमचे पाय धरावेत आणि तुम्हाला कधी तोंडही दाखवू नये असं वाटलं.

* * *

तेरावं करून परत आले ती सरळ तुमच्या केबिनमध्ये. गणवेशसुद्धा घातला नव्हता. "खोटं का बोललात?" मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. बाहेर टायपिंग थांबलं. "आजारी बापासाठी काय घेऊ म्हणून मी स्टँडवर पेट्या निवडत बसले होते. द्राक्षं कशाला घ्यायला लावलीत?"

तुम्ही रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही विचारलंत, "सायखेडाने वळणावर सांगितलं नाही?"

"नाही."

तुम्ही चष्मा काढलात. बराच वेळ काचा पुसत राहिलात. "चूक माझी," म्हणालात. "मी यायला पाहिजे होतं."

"म्हणजे मला आधी कळलं असतं असं नाही. वळणावर कळलं असतं. फरक काय?"

"फरक तुला माहितीये. हातात पेटी धरून उतरल्यावर काय होतं ते तुला माहितीये." मग तुम्ही मला बस म्हणालात. "बाकीचे येऊन माझ्या पाया पडतात. तू भांडलीस. पुढच्या वेळी तू जाशील बरोबर."

मी नाही म्हटलं. तुमचं हे खोटं मी बोलणार नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, "बोलू नकोस. बरोबर तर जा."

अशी मी एचआरमध्ये आले. मुलांना हे कसं सांगणार, ताई? त्यांच्या प्रोजेक्टच्या कागदावर त्यासाठी दोन ओळींची जागा असते. लाइनवर स्प्रिंगा बसवायच्या आणि वाईट फोन आला की कोणाबरोबर तरी गाडीत बसायचं. इगतपुरी, कळवण, एकदा पार धुळ्याच्या पुढे. हळूहळू स्प्रिंगा कमी झाल्या आणि बाकीची कामं वाढली. रजा, कँटीनच्या तक्रारी, नव्या मुलींना खोल्या बघून देणं. एक दिवस लाइनचा सुपरवायझरच म्हणाला, "तू आता आमची राहिली नाहीस, वर जाऊन बस." मला रडू आलं होतं. तुम्ही म्हणालात, "दहावी कर आता." ते मात्र मी आजतागायत ऐकलं नाही. त्यावरून आपलं दर परीक्षेच्या आधी वाजायचं.

आणि खोटं मी बोलले. पहिल्याच फेरीला बोलले. ते किती सोपं असतं, आणि बोलताना तोंडाला कशी कोरड पडते, ते तेव्हा कळलं.

पेठकडचा तो वेल्डर आठवतो ना? आपला पेठ. त्याचा भाऊ गेला होता. मी त्याला खिडकी दिली आणि सुनीतासारखीच बोलत सुटले. माझ्या गावच्या गोष्टी, नदीच्या, मोहाच्या फुलांच्या. तो मान हलवत होता. घाट चढून गेल्यावर त्याच्या पाड्याच्या वळणावर, नागलीच्या शेताजवळ, मी गाडी थांबवायला सांगितली आणि त्याला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "माहितीये, मॅडम. मला कँटीनमधीच समजलं व्हतं. ताईंनी दोनदा भात वाढला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या गोष्टी सांगत व्हत्या. म्हटलं, चालू दे."

परत येऊन मी तुमच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "ताई, त्याला कळलं होतं."

तुम्ही कागदातून वर न बघता म्हणालात, "सगळ्यांना कळतं गं."

"सगळ्यांना कळतं? मग हे नाटक कशाला?"

तेव्हा तुम्ही पेन खाली ठेवलंत. माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, "ते असं आहे, किनवट..." आणि तुमच्या टेबलावरचा फोन वाजला. तुम्ही हात वर करून मला थांब म्हणालात आणि फोन उचललात. तो कोणाच्या तरी घरचाच होता. तुमचा आवाज खाली गेला, अशा फोनवर जायचा तसा, आणि तुम्ही उठून शॉपकडे चालू लागलात. मी दारातून बाजूला झाले.

पुढे मी कधी विचारलं नाही. आधी राग होता म्हणून नाही, मग काम होतं म्हणून नाही, मग तुम्ही निवृत्त होऊन मुलाकडे नामपूरला गेलात. फोनवर तर तुम्हाला एकच विषय. हळू आवाजात, सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून, "येशील तेव्हा जिलेबी आण गं. पातळ, कडक. अश्विनीला सांगू नको." मी म्हणायचे, "साखर किती आहे तुमची?" तुम्ही म्हणायचात, "तू एचआर आहेस का डॉक्टर? नववी नापास डॉक्टर." मी म्हणायचे, "नापास नाही, सोडली." आणि आपण हसायचो. मी जिलेबी कधी आणली नाही.

* * *

त्या दुपारी स्टँडवर कंडक्टर ओरडत होता, "नामपूर, नामपूर, चला नामपूर!" तुम्हालाच हाका मारत होता जणू, आणि तुम्ही कुठल्या तरी टपरीमागून पिशवी सावरत येणार होतात.

"मंगेश, थांब. जिलेबी घेऊ."

तो बिचारा दचकला. "मॅडम, ताईंना तर आता..." आणि त्याने जीभ चावली. "म्हणजे दवाखान्यात चालणार नाही."

"चालेल. अर्धा किलो घे. गरम आहे का बघ."

त्याने मला खिडकी दिली. माझा फोन त्याच्या शर्टाच्या खिशात दर मिनिटाला थरथरत होता. ग्रुपवर तुमचा फोटो आणि हात जोडलेली चित्रं येत असणार हे मला कळत होतं. त्याने हात खिशावर दाबून धरला होता, छातीत दुखत असल्यासारखा. मग तो बोलू लागला. मी त्याला शिकवलं होतं, बोलत राहायचं. पण याला गोष्टी येत नाहीत. ओझर आलं तर म्हणाला, "हे आमचं ओझर." मी म्हटलं, "माहितीये." मग एक विमान खाली आलं. तो म्हणाला, "हे विमान." ताई, मला हसू फुटलं. तोही हसला. मग आम्हाला दोघांनाही थांबता येईना. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या. "पहिल्यांदा बघितलं काय विमान?" एक म्हणाली.

त्यानंतर मी बाहेर बघत राहिले. उन्हाळ्याची दुपार, द्राक्षांच्या बागा छाटून उघड्या पडलेल्या, तारांवर नुसती उन्हं. पिंपळगाव मागे गेलं. मांडीवर जिलेबीचा पुडा गरम होता आणि तुम्ही जिवंत होतात. मला माहीत होतं, तरीही होतात. भावडबारी घाटाच्या चढावर गाडीचा वेग कमी झाला तेव्हा मी तुम्हाला सगळं सांगून टाकलं. दहावीचं, नव्या साहेबांचं, आईच्या गुडघ्यांचं. तुम्ही पाय वर घेऊन पलंगावर बसला होतात आणि पुडा उशीखाली सरकवत होतात. "अश्विनी आली तर तूच खातेयस म्हणून सांग," म्हणालात. मी "हो" म्हटलं. मोठ्याने म्हटलं असणार, कारण मंगेशने माझ्याकडे पाहिलं.

देवळ्याला गाडी थांबली तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "मॅडम," तो म्हणाला, "एक सांगायचं होतं."

"अजून नको."

"नाही, पण मला..."

"मंगेश, अजून नको. सटाणा तरी जाऊ दे."

तेव्हा त्याला कळलं की मला कळलंय. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "तिकडे ओझरला आमच्या दारात आंब्याचं झाड आहे ना, त्याची गोष्ट सांगू का? तशी काही खास नाही." आणि सटाण्यापर्यंत त्याने मला आंब्याच्या झाडाची गोष्ट सांगितली. खरंच काही खास नव्हती. मी एक शब्दही सोडला नाही.

नामपूरला उतरलो. कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. संध्याकाळच्या उजेडात सगळा धुरळा लालसर झाला होता, हवेला कांद्याचा वास. तुमच्या गल्लीच्या आधीचं ते वळण, जिथे पिठाची गिरणी आहे. मी तिथे थांबले.

"आता सांग."

मंगेश जमिनीकडे बघत होता. "तुम्हाला माहितीये ना, मॅडम."

"माहितीये. तरी तू सांग. मला कोणी कधी सांगितलेलं नाही."

गिरणी चालू होती. त्याने माझ्या हातातला पुडा आधी स्वतःकडे घेतला. हे मी त्याला शिकवलं नव्हतं. मग मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, ताई गेल्या. सकाळीच गेल्या. झोपेतच."

आणि ताई, मला काहीच माहीत नसल्यासारखी मी रडले. तुमच्यासाठी रडले, आणि बाबांसाठी, तेव्हा पेटी धरलेली म्हणून डोळे पुसता आले नव्हते त्या सगळ्यासाठीही. मंगेश दोन्ही हातांत पुडा धरून शेजारी उभा होता. गिरणीवाल्याने पट्टा बंद केला आणि आतून तांब्याभर पाणी आणून दिलं. काही विचारलं नाही.

* * *

तुमचा चेहरा मी पाहिला. त्याबद्दल लिहीत नाही. तुम्हाला आवडला नसता, चष्मा नव्हता.

माणसं तुम्हाला घेऊन गेल्यावर आम्ही बाया ओसरीवर बसून राहिलो. सुनीता माझ्या आधी आली होती. आता तिचे केस पिकलेत, सायखेड्याला तिचा स्वतःचा मळा आहे. ती माझ्याजवळ सरकली आणि किती तरी वर्षांनी तिने माझा हात तसाच घट्ट धरला.

मग पुरुष परत आले. कडुलिंबाचा पाला दाताखाली धरून दारात उभे राहिले. शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली, पण कोणाचा हात उठेना. पेठ भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "ताई असत्या तर म्हनल्या असत्या, आधी जेवा."

अश्विनी आतून आली. रडून तिचा चेहरा सुजला होता. म्हणाली, "एक विचारू का? हे काय आहे?"

आतल्या फडताळावर जिलेबीचे पुडे होते. माझा, सुनीताचा, पेठचा. आणखी दोन मला माहीत नसलेल्या कोणाचे तरी. कागदातून तूप उतरलं होतं. प्रत्येकाला वाटलं होतं, आपल्या एकट्यालाच सांगितलंय. प्रत्येकाने तुम्हाला इतकी वर्षं साखरेवरून नाही म्हटलं होतं, आणि प्रत्येकाला आज कोणीतरी आधी जेवायला घालून, बरं नाहीये म्हणून सांगून आणलं होतं.

सुनीताने भीतभीत अश्विनीला सांगितलं. आम्हाला वाटलं तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "मला का माहीत नव्हतं? फोनवर आवाज बारीक झाला की जिलेबीच असायची. मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायचे, त्यांना मोकळं बोलता यावं म्हणून." आणि ती तिथेच खाली बसली, एका पुड्याचा दोरा सोडला, आणि पहिली जिलेबी पेठच्या हातावर ठेवली. मग माझ्या. गार झाली होती, मऊ पडली होती. आम्ही सगळ्यांनी खाल्ली.

आता मी परत आपल्या खोलीत आहे. मंगेश कालपासून माझा डबा विचारून उघडतो, ते काही मला आवडलेलं नाही. मुलाखतीला आलेली ती मुलगी रुजू झाली, सुरगाण्याकडची आहे. सगळे तिला नावाने हाक मारतात, मी मात्र सुरगाणा म्हणून बसले.

आपल्या भांडणाचं म्हणाल तर तुमचं बरोबर होतं असं मी अजून म्हणणार नाही. द्राक्षांची पेटी मी विसरलेले नाही. पण भावडबारीच्या चढावर तुम्ही पलंगावर पाय वर घेऊन बसला होतात, तेही विसरणार नाही. तुम्ही त्या दिवशी काय सांगणार होतात ते मी कधी कधी स्वतःच पुरं करून बघते. दर वेळी वेगळंच येतं, आणि कुठलंच तुमच्या आवाजात बसत नाही. म्हणून सोडून दिलं. मी अजून तुमच्या दारातच उभी आहे, ताई. तुम्ही हात वर करून थांब म्हणाला होतात. मला घाई नाही. आधी तो फोन घ्या, कोणाच्या तरी घरचा असेल.